जुन्या मॅसी १०३५ ला पॉवर स्टिअरिंग बसवावे का, आणि बसवायचे तर कसे?

नमस्कार. आपल्या प्रश्नाचा सारांश मला असा समजला आहे. आजोबांनी १९८७ साली घेतलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ अजून उत्तम चालतो. निफाड तालुक्यातल्या तुमच्या द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर आणि अधूनमधून रोटाव्हेटर त्यावरच चालतो. मात्र प्रत्येक ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळवताना वडिलांचा खांदा भरून येतो. गावातला मेकॅनिक हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग बसवून देतो म्हणतो आणि एका मित्राने भंगारातल्या मोटारीचे इलेक्ट्रिक स्टिअरिंग स्वस्तात बसेल असे सुचवले आहे. या दोहोंपैकी कोणते बसवावे, असे आपण विचारले आहे.

मी सांगली जिल्ह्यात गेली सव्वीस वर्षे ट्रॅक्टर दुरुस्तीचे, त्यातही मुख्यतः हायड्रॉलिकचे काम करतो. उसाच्या वाहतुकीचे ट्रॅक्टर आणि तासगावकडच्या बागांमधले ट्रॅक्टर ही माझी रोजची गिऱ्हाइके आहेत. जुन्या ट्रॅक्टरांना पॉवर स्टिअरिंग बसवण्याची बरीच कामे मी केली, त्यांपैकी एक फसलेही, आणि त्याची हकीकत पुढे ओघात येईल. तुमचा ट्रॅक्टर मी पाहिलेला नाही. त्याचा पुढचा एक्सल कोणत्या बनावटीचा आहे, मधल्या काळात कोणी काय बदलले आहे, बागेतल्या ओळींत अंतर किती आहे आणि ट्रॅक्टर रस्त्यावर ट्रॉली घेऊन किती जातो, यांवर उत्तराचा बराचसा भाग अवलंबून राहील.

कोणते बसवावे हे ठरवण्याआधी स्टिअरिंग जड का झाले आहे, हे पाहावे लागेल. या ट्रॅक्टरचे वजन साधारण १७०० किलो आहे आणि त्यातले सहाशे-साडेसहाशे किलो पुढच्या चाकांवर येते. ब्लोअर थ्री-पॉइंटवर, म्हणजे मागच्या अवजार उचलणाऱ्या तीन दांड्यांवर, टांगलेला असेल, तर औषधाची टाकी भरल्यावर मागचा भार वाढतो आणि पुढची चाके उलट हलकी होतात. म्हणजे ब्लोअर लावलेला असताना स्टिअरिंग हलके लागायला हवे. तुमच्या वडिलांचा खांदा नेमका फवारणीच्या दिवसांत दुखतो, असे आपण लिहिले आहे. म्हणून मला वजनापेक्षा घर्षणाचा संशय जास्त येतो. हा संशय खरा की खोटा, हे तपासायला दहा मिनिटे आणि एक जॅक पुरतो.

पुढचा एक्सल मधोमध जॅकवर घेऊन दोन्ही चाके जमिनीपासून उचला, मागच्या चाकांना दगड लावा, आणि मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाके अधांतरी असताना ते दोन बोटांनी फिरायला हवे. तेव्हाही ते जड लागले किंवा मध्येच अडकत फिरले, तर दोष किंगपिन (ज्या उभ्या पिनभोवती पुढचे चाक वळते ती), बुश, थ्रस्ट बेअरिंग (त्या पिनवरचा भार झेलणारे) किंवा स्टिअरिंग बॉक्स यांपैकी कशात तरी आहे. मग ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा, सोडवून प्रत्येक चाक हाताने वेगळे फिरवून बघा. चाक जड फिरले तर किंगपिन, चाक हलके आणि स्टिअरिंग जड असेल तर बॉक्स. माझ्याकडे ‘पॉवर बसवून द्या’ म्हणून जे जुने ट्रॅक्टर येतात, त्यांपैकी पुष्कळांच्या स्टब एक्सलच्या (चाक ज्यावर बसते त्या आखूड एक्सलच्या) थ्रस्ट बेअरिंगचा नुसता गंजलेला चुरा हाती येतो. ग्रीस निपलवर रंग चढलेला असतो, आतली वाट चिखलाने बंद झालेली असते, आणि ड्रायव्हर मात्र गन लावून दोन झटके मारतो आणि ग्रीस दिले असे समजतो. ग्रीस आत गेले की नाही, हे निपलवर न बघता बुशच्या कडेने ताजे ग्रीस बाहेर आले का यावरून ओळखायचे असते. हे काम करायचे ते पुढचा भार उचलून, कारण चाक जमिनीवर असताना खालच्या बेअरिंगच्या फटीत ग्रीस शिरत नाही.

बागेतल्या ट्रॅक्टरांमध्ये आणखी एक कारण मला वारंवार दिसते. मूळचे ६.००-१६ चे टायर काढून त्याहून रुंद टायर घातलेले असतात, किंवा चाकाची डिश उलटी करून रुंदी बदललेली असते. किंगपिनची रेषा जमिनीला जिथे टेकते आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधले अंतर वाढले की चाक जागेवर फिरण्याऐवजी घासत, वर्तुळ काढत फिरते. शिवाय दगड लागला की तोच झटका उलट स्टिअरिंगवर येतो. हे अंतर पाच सेंटिमीटरने वाढले तरी हाताला फरक लगेच जाणवतो. हवा कमी असली तरी हाच परिणाम होतो. पुढच्या टायरमध्ये साधारण २८ ते ३० पीएसआय हवा असावी, आणि ती डोळ्यांनी न पाहता गेजने मोजावी.

तपासणीत स्टिअरिंगचा प्लेही मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ नुसार स्टिअरिंग चाकाला ३० अंशांपेक्षा जास्त मोकळी चाल असू नये, बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि जोडांचे बोल्ट-पिन लॉक केलेले असावेत. तीस अंश म्हणजे घड्याळातल्या एका तासाचे अंतर. एवढा प्ले असलेला ट्रॅक्टर मी रस्त्यावर नेणार नाही, आणि त्याला पॉवर तर मुळीच बसवणार नाही.

याचे कारण मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. पॉवर स्टिअरिंगने चाके वळवायला लागणारे बळ कमी होत नाही. जे बळ आतापर्यंत वडिलांच्या खांद्यातून येत होते ते आता पंपातून येते, एवढाच बदल होतो, आणि पुढे आर्म (चाक वळवणारा दांडा), बॉल जॉइंट, किंगपिन यांच्यावरून ते पूर्वीप्रमाणेच जाते. माणसाचा हात एका मर्यादेनंतर थांबतो आणि ही मर्यादा नकळत सगळ्या सांध्यांचे रक्षण करत असते. पंपाला अशी जाणीव नसते. बेअरिंग अडकले असले तरी तो ढकलत राहतो, ड्रायव्हरला काही कळत नाही, आणि मग एक दिवस काहीतरी तुटते. म्हणून किंगपिन, बुश, बेअरिंग आणि टाय रॉड एंड (लिंकच्या टोकांचे बॉल जॉइंट) नवे केल्याशिवाय मी सिलिंडरला हात लावत नाही. ही दुरुस्ती झाल्यावर निम्मी गिऱ्हाइके पॉवरचा विचारच सोडून देतात. माझा धंदा त्यामुळे थोडा बुडतो, ते असो.

दुरुस्तीनंतरही वडिलांना त्रास होत असेल, तर पॉवर बसवणे योग्यच आहे. साठीकडे झुकलेल्या माणसाने छाटणीनंतरच्या हंगामात रोज शेकडो वेळा स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवावे, हे शरीरावर अन्याय करणारेच आहे.

आधी मोटारीच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगबद्दल. यात कॉलमवर एक मोटर असते आणि तुमच्या हाताचा पीळ मोजून ती त्याच दिशेने जोर लावते. बसवायला हे सोपे वाटते, म्हणून याचे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. मी असे दोन ट्रॅक्टर केले आणि नंतर थांबलो. पहिली अडचण विजेची. जागेवर वळवताना ही मोटर क्षणभर चाळीस ते साठ अँपिअर ओढते. तुमच्या ट्रॅक्टरवर जुना डायनॅमो असेल तर त्याची क्षमता फार तर वीस-बावीस अँपिअर, म्हणजे उरलेला भार बॅटरीवर, आणि मंद गतीच्या फवारणीत ती दुपारपर्यंत बसते. अल्टरनेटर बसवून ही अडचण सुटते, पण तो खर्च मित्राने सांगितलेल्या किमतीत धरलेला नसावा. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. मोटारीत हा भाग बंद केबिनमध्ये, डॅशबोर्डखाली कोरडा राहतो. तुमच्या ट्रॅक्टरवर तो उघड्यावर बसेल, आणि तेही बोर्डो मिश्रण आणि गंधकाच्या धुक्यात. पीळ मोजणारा सेन्सर आणि त्याचे कनेक्टर त्या वातावरणात किती टिकतील, याची खात्री मी देऊ शकत नाही. तिसरे म्हणजे मोटरचा सगळा जोर जुन्या स्टिअरिंग बॉक्समधूनच खाली जातो, त्यामुळे बॉक्सची झीज आहे त्याहून वेगाने वाढते. फक्त घराच्या आवारात आणि कोरड्या शेतात फिरणाऱ्या हौशी ट्रॅक्टरला हे चालेल. तुमच्या कामाला नको.

आता हायड्रॉलिक. मेकॅनिक ज्याला पॉवर स्टिअरिंग म्हणतो आहे ते बहुधा ऑर्बिट्रोल असेल. हे मुळात एका कंपनीचे व्यापारी नाव होते, आता कोणत्याही कंपनीच्या युनिटला सर्रास तेच म्हणतात. यात स्टिअरिंग बॉक्स निघतो, त्याच्या जागी हे युनिट येते, आणि स्टिअरिंग चाक व पुढची चाके यांच्यात कोणताही लोखंडी दुवा उरत नाही. फक्त तेल राहते. तुम्ही स्टिअरिंग चाक जितके फिरवाल तितके मोजून तेल हे युनिट सिलिंडरच्या एका बाजूला पाठवते आणि दुसऱ्या बाजूचे टाकीत परत घेते. दुसरा प्रकार म्हणजे बॉक्स तसाच ठेवून ड्रॅग लिंकवर मदतीचा सिलिंडर लावणे. तत्त्वतः तो मला अधिक आवडतो, कारण तेल गेले तरी जुने स्टिअरिंग शाबूत राहते. पण त्याला लागणारा लिंकमधला व्हॉल्व्ह आपल्या बाजारात सहज आणि भरवशाचा मिळत नाही, त्यामुळे व्यवहारात ऑर्बिट्रोलच उरतो.

इथे जुन्या मॅसीची एक खोच आहे, आणि मेकॅनिकला तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारा. मूळ फर्ग्युसनच्या रचनेत स्टिअरिंग बॉक्सच्या दोन्ही अंगांनी दोन ड्रॉप आर्म निघतात आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र ड्रॅग लिंक जाते. दोन चाकांना एकमेकांशी बांधणारा टाय रॉड पुढे नसतोच, चाकांचा मेळ बॉक्सच्या आतल्या गिअरमधून राखलेला असतो. तुमच्या ट्रॅक्टरला ही रचना आहे की एका बाजूने ड्रॅग लिंक आणि मध्ये टाय रॉड आहे, हे खाली वाकून बघितल्यावर लगेच कळेल. दोन लिंकची रचना असेल आणि कोणी बॉक्स काढून एका चाकावर सिलिंडर लावला, तर दुसरे चाक मोकाट सुटेल. हे सांगायची गरज भासू नये, पण अर्धवट झालेले असे एक काम माझ्याकडे दुरुस्तीला आलेले आहे.

अशा ट्रॅक्टरला मी आरपार रॉडचा, म्हणजे दोन्ही टोकांना रॉड बाहेर असलेला सिलिंडर एक्सलच्या मध्यावर बसवतो आणि रॉडच्या दोन्ही टोकांपासून दोन आखूड लिंक दोन्ही चाकांच्या आर्मला जोडतो. मग रॉडच टाय रॉडचे काम करतो. एक गोष्ट मात्र तुम्ही गमावता. फर्ग्युसनच्या एक्सलची दोन्ही टोके मागे झुकलेली असतात, आणि त्या मांडणीमुळे चाकांमधले अंतर कमी-जास्त केले तरी ड्रॅग लिंकची लांबी बदलावी लागत नाही. सिलिंडर बसवल्यावर ही सोय जाते. दर वेळी अंतर बदलले की दोन्ही लिंक नव्याने जुळवून टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली ठेवण्याचे माप) बघावे लागेल. बागेसाठी अंतर एकदाच ठरवून तुम्ही ते बदलत नसाल, तर याने काही बिघडत नाही.

सिलिंडर एक्सलवरच बसला पाहिजे, इंजिनच्या बाजूला किंवा चासीला नव्हे. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झोके खातो. सिलिंडरचे एक टोक चासीला आणि दुसरे चाकाच्या आर्मला असेल, तर एक चाक सरीत उतरताच एक्सल कलतो, दोन टोकांमधले अंतर बदलते आणि तुम्ही काही न करता चाके वळतात. शेतात हे चालून जाते, पण रस्त्यावर ट्रॉलीसह खड्ड्यात चाक गेले की ट्रॅक्टर ओढ घेतो. सिलिंडर एक्सलवर असला की फक्त दोन होज पाइप हलत्या भागावरून जातात, त्यांना पुरेसा झोळ ठेवला की झाले.

आता आकडे, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. ६५० किलो भार, ६.००-१६ चा टायर आणि किंगपिनपासून टायरच्या मध्यापर्यंत आठ सेंटिमीटर अंतर धरले, तर कोरड्या कठीण जमिनीवर दोन्ही चाके जागेवर फिरवायला मिळून साधारण ४५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. चाक पूर्ण वळलेले असताना आर्मची उपयोगी लांबी बारा सेंटिमीटर धरली, तर सिलिंडरला ३७५० न्यूटन, म्हणजे जेमतेम ३८० किलोचे बळ द्यावे लागेल. ५० मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि २५ मिलिमीटर रॉडच्या आरपार सिलिंडरचे कामाचे क्षेत्रफळ १४.७ चौरस सेंटिमीटर भरते. भागाकार केला की २५ बारच्या आसपास दाब येतो. चाक सरीत रुतले, चिखल असला, तर याच्या दुप्पट किंवा अडीचपट धरा. म्हणून मी रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तेल सोडून देणारा) ७० ते ७५ बारवर ठेवतो आणि तो गेज लावूनच ठरवतो.

माझे फसलेले काम याच आकड्यावर फसले. अठरा वर्षांपूर्वी एका ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरला मी असाच सिलिंडर बसवला आणि मालकाच्या आग्रहाखातर ‘जरा कडक’ म्हणून रिलीफ १४० बारवर ठेवला. त्या दाबाला हाच सिलिंडर एकवीसशे किलोने ढकलतो. त्यातच ब्रॅकेटसाठी मी चाकाच्या आर्मवर वेल्डिंग मारले होते. कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभा असताना ड्रायव्हरने जागेवरच चाक फिरवले, टायर दगडाला टेकलेला होता, आणि आर्म वेल्डिंगच्या शेजारी मोडला. ट्रॅक्टर उभा होता म्हणून निभावले. फोर्जिंगचा आर्म वेल्डिंगच्या उष्णतेने त्या पट्ट्यात ठिसूळ होतो, हे मला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. घाई होती, एवढेच. तेव्हापासून चाकाचा आर्म, स्टब एक्सल आणि लिंक यांच्यावर माझ्या दुकानात वेल्डिंग होत नाही. ब्रॅकेट एक्सलच्या बीमला क्लॅम्प आणि बोल्टने बसते, आणि आर्मला नवे भोक लागत असेल तर आर्मच योग्य तो आणून बदलतो.

सिलिंडरचा स्ट्रोक, म्हणजे रॉड सरकण्याचे अंतर, चाकाच्या फिरण्यापेक्षा थोडा जास्त घ्यावा. चाक थांबवण्याचे काम एक्सलवरच्या स्टॉपचे आहे, आणि स्टॉप लागला तेव्हा पिस्टन आत टोकाला आदळलेला नसावा. २०० मिलिमीटर स्ट्रोक धरला तर वरच्या सिलिंडरला टोकापासून टोकापर्यंत २९५ सीसी तेल लागते. ८० सीसीचे, म्हणजे एका फेऱ्याला ८० सीसी तेल सोडणारे, ऑर्बिट्रोल असेल तर स्टिअरिंग चाकाचे पावणेचार फेरे होतात, १०० सीसीचे असेल तर तीन. साधा एका बाजूचा रॉड असलेला सिलिंडर घेतला, तर एकीकडे ३९३ आणि दुसरीकडे २९५ सीसी लागतील. डावीकडे पावणेचार आणि उजवीकडे जवळपास पाच फेरे, असे स्टिअरिंग वापरायला विचित्र वाटते. तुमच्या ट्रॅक्टरला मी ८० सीसीचे युनिट निवडेन. इंजिन बंद पडले तर याच युनिटचा हातपंप होतो, आणि युनिट जितके लहान तितका हाताने जास्त दाब निर्माण करता येतो. वीस किलो जोर लावला तर ८० सीसीच्या युनिटने कागदावर तीस बारच्या आसपास दाब मिळतो. गळती आणि घर्षण वजा केल्यावर जागेवर उभे चाक कदाचित फिरणार नाही, पण चालता ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घेता येईल. त्यासाठी युनिटमध्ये टाकीच्या बाजूने तेल ओढू देणारा चेक व्हॉल्व्ह असावा लागतो. जुने युनिट घेताना तो आहे ना, हे विचारून घ्या.

पंपाबद्दल. काही जण लिफ्टच्याच पंपातून स्टिअरिंगला तेल देऊ म्हणतात. जुन्या मॅसीत हे जमत नाही. तो पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो, पीटीओच्या, म्हणजे अवजारांना शक्ती देणाऱ्या, शाफ्टवर फिरतो, आणि त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह सक्शनच्या बाजूला असतो. लिफ्टला तेल नको असेल तेव्हा पंप तेल ओढतच नाही, आणि क्लच पूर्ण दाबला की फिरायचा थांबतो. ओळीच्या टोकाला क्लच दाबून वळताना स्टिअरिंग जड झालेले कोणाला चालेल? त्यामुळे इंजिनवर चालणारा वेगळा पंप, वेगळी टाकी, परतीच्या वाटेवर फिल्टर, हे सगळे लागते.

सेकंदाला एक फेरा या वेगाने स्टिअरिंग फिरवायचे असेल, तर ८० सीसीच्या युनिटला मिनिटाला ४.८ लिटर तेल लागते. इंजिन ७०० फेऱ्यांवर आणि पंप त्याच गतीने फिरत असेल, तर ८ सीसीचा पंप गळती वजा करून सुमारे ५ लिटर देतो, म्हणजे तो पुरतो. मोठा पंप लावायचा मोह टाळा. २००० फेऱ्यांवर १६ सीसीचा पंप ३२ लिटर फेकतो, त्यातले पाच लिटर वापरले जाते आणि बाकीचे व्हॉल्व्हमधून रेटून निघताना तेल तापवते. बेल्टवर पंप चालवायचा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. साधा गिअर पंप बेल्टची बाजूची ओढ सहन करण्यासाठी बनवलेला नसतो, त्याचा पुढचा बुश काही महिन्यांत खातो. त्यामुळे पुलीला वेगळे बेअरिंग देऊन मधे कपलिंग घालावे, किंवा छोट्या ट्रकांवर येतो तसा, मुळातच पुलीसाठी बनवलेला आणि आत प्रवाह नियंत्रक असलेला व्हेन पंप घ्यावा. मी दुसरा मार्ग पत्करतो. मात्र त्याच्या आतला रिलीफ किती बारचा आहे हे मोजून, गरज असेल तर ऑर्बिट्रोलच्या ब्लॉकमध्ये कमी दाबाचा रिलीफ लावतो. चार-पाच लिटरची टाकी पुरते. गिअर पंपाला आयएसओ व्हीजी ४६ किंवा ६८ चे हायड्रॉलिक तेल चालते, व्हेन पंपाला त्याच्या बनवणाऱ्याने सांगितलेलेच घालावे.

स्टिअरिंग बॉक्स काढल्यावर खालच्या हाउसिंगला उघडी जागा राहत असेल, तर ती पॅकिंग घालून जाड प्लेटने बंद करा. तिथून आत गेलेली धूळ आणि पाणी गिअरबॉक्स खाऊन टाकते. बॉक्स मात्र विकू नका, ग्रीस लावून पोत्यात बांधून ठेवा. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना पुढची चाके अधांतरी असू द्या, मंद गतीवर स्टिअरिंग दहा-पंधरा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवून हवा काढा आणि टाकीतला फेस बसेपर्यंत ट्रॅक्टर जमिनीवर उतरवू नका. डावीकडे फिरवल्यावर चाके उजवीकडे वळली तर सिलिंडरचे दोन होज अदलाबदल झाले आहेत. हे उघड्या मैदानात, चाके हवेत असतानाच कळलेले बरे. दहा तास काम झाल्यावर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

वडिलांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. ऑर्बिट्रोलला ‘सरळ’ अशी ठरलेली जागा नसते. चाके सरळ असताना स्टिअरिंगचा दांडा आज इथे तर उद्या तिथे असेल. तो बिघाड नव्हे, युनिटच्या आत तेल थोडे निसटतेच. आणि टोकाला वळवून धरून ठेवायची सवय लागू देऊ नका, कारण त्या वेळी सगळे तेल रिलीफमधून जाते आणि तापते. चाक टोकाला लागले, आवाज बदलला, की हात किंचित सैल सोडायचा.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि निर्मात्याने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही. प्रमाणपत्रावर स्टिअरिंगचा प्रकार सहसा लिहिलेला नसतो, म्हणून अनेक जण हा विषय सोडून देतात. माझे मत असे की ट्रॅक्टर ट्रॉलीसह रस्त्यावर जात असेल, तर आरटीओत आधी विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. अपघातानंतर पहिला प्रश्न स्टिअरिंगबद्दलच येतो. तुमचा ट्रॅक्टर बागेबाहेर फारसा जात नसेल तर चिंता कमी, पण पांदीवरही माणसे चालत असतात.

शेवटी एक तिसरी वाट सुचवतो, जी मेकॅनिकने आणि मित्राने, दोघांनीही सांगितली नाही. टॅफे या भारतात मॅसी ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या नंतरच्या काही मॉडेलांना कारखान्यातूनच पॉवर स्टिअरिंग येते. त्याच घराण्यातल्या अशा एखाद्या भंगारात निघालेल्या ट्रॅक्टरचा पुढचा अख्खा संच, म्हणजे एक्सल, स्टब, आर्म, सिलिंडर आणि कॉलम, एकत्र मिळाला, तर मी डोळे झाकून तोच घेईन. त्यात आर्मची लांबी, सिलिंडरचा स्ट्रोक आणि दोन्ही चाकांच्या वळण्यातला फरक हे सगळे एकमेकांशी जुळवून आलेले असते. आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे, आणि घरगुती जोडणीत नेमके हेच चुकते. मग टायर घासतात आणि ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर पुरेसा वळत नाही. एक्सलच्या मधल्या पिनचा व्यास आणि रेडिएटरखालच्या सपोर्टचे बोल्ट जुळतात का, एवढे मोजून घ्यावे लागेल.

तूर्त मेकॅनिकला आगाऊ रक्कम देऊ नका. आधी पुढचा एक्सल जॅकवर घ्या आणि स्टिअरिंग अधांतरी किती जड लागते ते कळवा. सोबत पुढच्या टायरचा आकार, एका किंगपिनपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर, आर्मची मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी आणि एक्सलचा खालून काढलेला एक फोटो पाठवा, म्हणजे लिंक एक आहेत की दोन ते मला दिसेल आणि सिलिंडर लागणार असेल तर त्याचा स्ट्रोक नेमका सांगता येईल.